मे महिन्यात तंबूत मुक्काम, सोबत पावणेपाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षांचा मुलगा, जमेल का?

अनुजा_ठाणे

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही भंडारदऱ्याला जायचं म्हणतोय, काजवे बघायला. नवऱ्याची फार इच्छा आहे की हॉटेलात न राहता तंबूत राहायचं. कॉलेजात असताना रतनगडाच्या ट्रेकला गेला होता तेव्हा रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाजवळ मुक्काम केलेला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे की आपल्या मुलांना एकदा तरी उघड्या आभाळाखाली झोपवायचं. मलाही मनापासून हवंय हे. आम्ही ठाण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो, मुलीच्या खोलीत छताला रेडियमचे तारे चिकटवलेत, दिवाळीत गावाला गेलो होतो तेव्हा अंगणात वर बघून तिने विचारलं की आई इथले कोणी चिकटवले, इतक्या उंच शिडी कुठून आणली. तेव्हापासून माझ्याही मनात घर करून बसलंय ते.

पण सासूबाई अजिबात तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं की भर मे महिन्यात एवढ्याशा लेकरांना घेऊन रानात जायचं कशाला, ऊन बाधेल, विंचूकाटा असतो, आणि धाकट्याला काही झालं तर रात्री डॉक्टर कुठे शोधणार. मला त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही कारण मुलगा घामोळ्यांनी बेजार असतो, घरात एसी असून, आणि तो पाणी पीत नाही, वाटी तोंडाला लावली की तोंड फिरवतो. अजून अंगावर पितो.

तर प्रश्न असे की एवढ्या लहान मुलांना घेऊन मे महिन्यात तंबूत कोणी राहिलंय का, रात्री तंबूत किती उकडतं, दुपारचं काय करायचं, आणि पाण्याचं-खाण्याचं कसं सांभाळता. तंबू आमच्याकडे आहे, चार जणांचा, पण आजवर फक्त हॉलमध्ये लावलाय. नाही जमणार असं वाटत असेल तर तसंही सांगा, वाईट वाटणार नाही.

मृण्मयी_के

अनुजा, तुझ्या सासूबाईंना माझ्याकडून सांग की त्यांची काळजी बरोबर आहे. आणि तरीही जा असंच मी म्हणेन, फक्त आम्ही केलं तसं करू नकोस.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी आम्ही लोणावळ्याच्या पलीकडे एका तलावाकाठी गेलो होतो, मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. जागेचं नाव घेत नाही. बुकिंगवाल्याने सांगितलं दुपारी बारापासून तंबू मिळेल, आम्हाला वाटलं लवकर पोचलो तर जास्त वेळ मिळेल, म्हणून घाई करून एक वाजता पोचलो. माळरानावर एका ओळीत तीस-चाळीस तंबू, एक झाड नाही. मुलगा गाडीत झोपला होता, मी त्याला तसाच उचलून तंबूत गादीवर ठेवला आणि चेन लावून घेतली, माश्या येतात म्हणून. पंधरा-वीस मिनिटांनी बघायला गेले तर चेन उघडल्या उघडल्या भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. पोराचे गाल लालबुंद, केस ओले, आणि हाक मारली तर डोळे उघडून परत मिटत होता. तो क्षण मी आजही विसरलेले नाही.

त्याला उचलून तिथल्या स्वयंपाकघराच्या पडवीत नेलं, कपडे काढले, ओल्या पंचाने पुसलं, वारा घातला, मग तो रडायला लागला आणि त्याचं रडणं ऐकून मला हायसं वाटलं. पण संध्याकाळी दोनदा उलटी झाली, आणि माझ्या लक्षात आलं की सकाळी नऊनंतर त्याने शू केलेलीच नाही. रात्री दहाला सामान तसंच टाकून तळेगावच्या बाजूला एका दवाखान्यात नेलं, सलाईन लावावी लागली, सकाळी घरी.

चूक तलावाची नव्हती आणि तंबूचीही नव्हती, चूक दुपारची होती. उन्हात उभा केलेला बंद तंबू म्हणजे काचा वर केलेली गाडीच. त्यानंतर आम्ही चार वेळा गेलो मुलाला घेऊन, दोनदा उन्हाळ्यातच, आणि एकच नियम पाळला की अकरा ते साडेचार डोक्यावर पक्कं छप्पर पाहिजे, कौलारू घर असो, देऊळ असो, काहीही. तंबूत शिरायचं ते सूर्य मावळल्यावर. मे अखेरीस आपल्याकडे सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे पोचायचंच पाचला. बारा वाजता तंबू मिळतो म्हणून बारा वाजता जायचं नाही.

सह्यवेडा

दीड वर्षाचं मूल आहे तर नका नेऊ असं माझं स्पष्ट मत. त्याला काजवे आठवणार नाहीत, तुम्हाला मात्र दोन दिवस जागरण. मोठीला घेऊन बाबा जाऊ देत, आई आणि धाकटा घरी, पुढच्या वर्षी सगळे जा.

रानवाटा

सह्यवेडा, मुद्दा कळतो पण त्यांनी सगळ्यांनी जायचं ठरवलंय तर ते नीट कसं होईल ते बघू. आणि मुलाला आठवणार नाही हे खरं असलं तरी आईला आठवेल की.

अनुजाताई, मी गेली पंधरा-सोळा वर्षं मुलांना घेऊन कॅम्पिंग करतोय, माझी दोन आणि भावाची दोन, त्यामुळे तंबूबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, तलावाच्या काठावर लावू नका. फोटोत छान दिसतं पण सावली नाही, वळीव आला तर आसरा नाही, आणि लहान मूल पाण्यापासून वीस पावलांवर असलं की आईबाप रात्रभर झोपत नाहीत. त्यापेक्षा शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे या बाजूला घरगुती राहायची सोय करणारे बरेच आहेत, त्यांच्या अंगणात किंवा खळ्यावर तंबू लावायची परवानगी मागा, एक खोलीही सोबत घ्या. मुलं झोपतील तंबूत, पण दुपारी खोली, रात्री पाऊस आला तर खोली, शी-शूला बाथरूम. यात काही कमीपणा नाही, आभाळ तेच आहे.

जागा निवडताना तंबू घराच्या पश्चिमेला लावा. लोक संध्याकाळची सावली बघून तंबू लावतात आणि सकाळी सहाला ऊन थेट तोंडावर येतं, सात-साडेसातला आत बसवत नाही, मुलं रडत उठतात. घराच्या पश्चिमेला असलं की घराची सावली तासभर तरी जास्त मिळते. झाडाखाली लावायचा असेल तर वर वाळकी फांदी नाही ना बघा, आणि माळावर एकटं उभं असलेलं उंच झाड तर मुळीच नको, मे अखेरीस दुपारनंतर विजा असतात. दामिनी ॲप टाकून ठेवा फोनमध्ये, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय, आसपास वीज पडायची शक्यता असली तर सांगतं. आभाळ गडगडायला लागलं की घरात किंवा बंद गाडीत, तंबूत थांबायचं नाही.

आता खिळे. तंबूबरोबर येतात ते ॲल्युमिनियमचे बारके खिळे तिकडच्या मुरमात जातच नाहीत, वाकतात. खळं तर शेणाने सारवून सिमेंटसारखं झालेलं असतं आणि त्यात खिळे ठोकायचेही नाहीत, त्यांच्या धान्याची जागा आहे ती. फुटबॉलएवढे दगड घ्यायचे, दोरी दगडाला दोन वेढे देऊन बांधायची. खाली ताडपत्री घाला पण ती तंबूच्या बुडापेक्षा सगळीकडून चार बोटं आत दुमडा, बाहेर राहिली तर पाऊस ताडपत्रीवर पडून सगळं पाणी तंबूखाली जमतं, हे मला गादी भिजल्यावर कळलं.

उकाड्याचं विचारलंत, तर भंडारदरा साधारण साडेसातशे मीटरवर आहे, ठाण्यासारखा चिकट घाम नाही, रात्री वारा असतो, पहाटे पातळ पांघरूण लागतं. वरचं पावसाचं कापड गुंडाळून ठेवा, आभाळ स्वच्छ असेल तर नुसत्या जाळीत झोपा, दोन्हीकडच्या जाळ्या वाऱ्याच्या दिशेने. मुलांना चांदणं त्यातूनच दिसतं. पण कापड असं गुंडाळा की अर्ध्या मिनिटात ओढता येईल, आणि हे घरी अंधारात एकदा करून बघा, सोसायटीच्या गच्चीवर लावा तंबू, मुलीला त्यात एक रात्र झोपवा. तंबू म्हणजे काय हे तिला आधीच माहीत असलं पाहिजे.

आणि तंबूत काहीही पेटवायचं नाही, मच्छर अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही, शेगडी तर नाहीच नाही. बाहेरही गवत वाळून काड्या झालेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा. शेकोटीचा हट्ट उन्हाळ्यात सोडून द्या.

अनुजा_ठाणे

बाप रे किती बारकाईने लिहिलंत, खूप खूप धन्यवाद. मृण्मयी, तुझं वाचून अंगावर काटा आला, आमचाही दुपारी एकला पोचायचा प्लॅन होता गं. तो आजच बदलला.

खोली अधिक अंगण हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या पहिल्यांदाच हो म्हणाल्या नाहीत पण नाहीही म्हणाल्या नाहीत. आता त्यांचं विंचवावर अडलंय. त्या मूळच्या महाडच्या, त्यांच्या लहानपणी वाडीत विंचू चावून एक मूल गेलेलं त्यांनी बघितलंय, त्यामुळे त्या विषयावर मी काही बोलूच शकत नाही. कोणाला नीट माहिती आहे का?

स्वाती_नाशिक

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, तेवीस वर्षं झाली. दोन गोष्टी लिहिते, विंचू आणि पाणी.

तुमच्या सासूबाई महाडच्या आहेत तर त्यांना डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव नक्की माहीत असेल. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त धोका, पूर्वी कोकणात त्याने खूप मुलं दगावायची. बावस्करांनी महाडलाच काम करून दाखवलं की प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वेळेत दिली तर पेशंट वाचतो, त्यांचे पेपर लॅन्सेटमध्ये छापून आले, २०२२ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे सासूबाईंनी जे बघितलं तेव्हा उपाय नव्हता, आता आहे, पण दवाखान्यात वेळेत पोचलं पाहिजे. मूल अचानक कळवळून रडायला लागलं, दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, अशी लक्षणं दिसली तर विंचू सापडायची वाट बघू नका, गाडी काढा. गोळी आपल्या मनाने द्यायची नाही. सापाचंही तसंच, जिथे चावलंय तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, मुलाला चालवायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, थेट सरकारी दवाखाना. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे पोचलात की पहिल्याच संध्याकाळी रस्ता कुठून जातो आणि किती वेळ लागतो ते घरमालकाला विचारून ठेवा, १०८ पाठ असू द्या.

आणि चावूच नये म्हणून, तंबूची चेन दिवसासुद्धा बंद, अगदी आत कोणी नसलं तरी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, त्यामुळे बंद चेनचा तंबू हा उघड्या पडवीत चटईवर झोपण्यापेक्षा उलट सुरक्षित आहे, हे सासूबाईंना जरूर सांगा. चपला-बूट तंबूच्या आत पिशवीत, सकाळी आपटून मगच पाय घालायचा. मुलीला सांगून ठेवा की दगड उलटायचे नाहीत, लाकडांच्या ढिगाजवळ जायचं नाही.

आता पाणी. लहान मुलाला तहान लागली हे सांगता येत नाही आणि खेळात असलं तर मोठ्यालाही कळत नाही. तुम्ही किती पाजलं हे मोजत बसू नका, शू किती वेळा झाली ते मोजा. सहा तास शू नाही, किंवा गडद पिवळी, रडताना डोळ्यात पाणी नाही, ओठ कोरडे, म्हणजे पाणी कमी पडलंय. धाकटा अंगावर पितो हे तर फारच चांगलं, मागेल तेव्हा पाजा आणि न मागता पण पाजा, त्यासाठी आधी तुम्ही भरपूर प्या. वाटीने पीत नसेल तर चमच्याने, दर दहा मिनिटाला दोन चमचे, वाटी समोर आली की तोंड फिरवणारी मुलं चमच्याने गुपचूप पितात. शिवाय कलिंगडाचे तुकडे, ताक, पातळ पेज, यातून पाणीच जातं पोटात.

ओआरएसच्या पुड्या चार-पाच ठेवा, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या आणि एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच, अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकायची नाही, मीठ जास्त होतं. उरलेलं चोवीस तासांनी फेकायचं. फळाच्या चवीचे जे तयार डबे ओआरएस म्हणून विकायचे त्यात साखर खूप असायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने त्यांना तो शब्द वापरायलाच बंदी केली, त्यामुळे दुकानदाराने सरबताचा डबा पुढे केला तर घेऊ नका, पुडीच मागा.

अंग खूप तापलं, मूल गुंगीत गेलं किंवा काहीबाही बडबडायला लागलं तर तो साधा ताप समजू नका. सावली, कपडे काढणं, ओला पंचा, वारा, आणि लगेच दवाखाना. उन्हाने चढलेल्या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही, त्यात वेळ घालवू नका. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

घामोळ्यांसाठी सुती झबली, तीही जुनी धुऊन मऊ झालेली, डायपर फक्त रात्री. कार सीटचं धातूचं बक्कल उन्हात तापतं, बसवायच्या आधी हात लावून बघा, मांडीवर चटका बसलेली मुलं आमच्याकडे येतात.

प्रवराकाठ

मी राजूरजवळचाच. रानवाटा भाऊंनी बरोबर सांगितलं, काठावर तंबू नको. त्यात एक भर घालतो कारण बाहेरच्या लोकांना हे कळत नाही. मे महिन्यात धरणातून आवर्तनं सुटलेली असतात, पाणी लांब आत गेलेलं असतं, आणि मधे जी जमीन उघडी पडते ती वरून वाळून भेगा पडलेली दिसते. मुलांना त्या भेगांच्या ढेपा फार आवडतात, त्यावरून उड्या मारत पाण्याकडे पळतात. पण वरचा थर वीतभर, खाली लोण्यासारखा गाळ. धरण १९२६ सालचं, शंभर वर्षांचा गाळ बसलाय. आमची गुरं रुततात त्यात. मुलांना पाण्याजवळ न्यायचंच असेल तर गावातल्या माणसाला बरोबर घ्या, जिथे खडक आहे तिथून पाणी दाखवेल.

काजव्यांचं सांगतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर बसतात, सगळ्या झाडांवर नाही, एखादं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत लुकलुकतं आणि शेजारचं काळंकुट्ट. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की वाढतात आणि मोठा पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत गेले. तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय बघा, अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा, चांदणं असलं तर अर्धी मजा जाते. शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी गाड्यांची रांग लागते आणि हेडलाईटच्या उजेडात काजवे लुकलुकणं बंद करतात. नर लुकलुकतो तो मादीला बोलवायला, उजेड पडला की त्यांची गाठच पडत नाही, मग पुढच्या साली कमी. मोठा काजवा जगतो थोडेच दिवस, आधीचे कित्येक महिने तो पालापाचोळ्यात अळी म्हणून गोगलगायी खाऊन असतो, त्यामुळे झाडाखाली जाऊन तुडवू नका, रस्त्यावर उभं राहून बघा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, उजेड जमिनीवर. मोबाईलचा फ्लॅश बंद. हे सगळं कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, गाड्या किती वाजेपर्यंत आत सोडायच्या ते वनखातं ठरवतं, नाक्यावर विचारून घ्या आणि सांगतील तसं करा.

येताना घोटीवरून बारी मार्गे या. इगतपुरीपर्यंत आता समृद्धीने येता येतं, आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे, कसारा घाटातली ट्रकची रांग टळते. पेट्रोल, दूध, औषधं घोटीलाच घ्या. आमच्याकडे नागलीची भाकरी, पिठलं, वरणभात मिळेल, लहान मुलासाठी तिखट न टाकता करा म्हटलं तर सगळ्या घरी करून देतात. करवंदं आणि जांभळं ताजी असतील, मुलांना खाऊ घाला पण धुऊन आणि बेताने.

मृण्मयी_के

डब्याचं राहिलं बघ. दुधातल्या दशम्या ने, दोन दिवस चांगल्या राहतात. मेतकूट, तूप आणि गुरगुट्या भात एवढ्यावर आमच्या मुलाचे दोन दिवस निघाले. पन्ह्याचा गर घरून उकडून गूळ घालून ने. बटाट्याची भाजी, ओलं खोबरं घातलेलं काही, मावा, हे नको, गाडीत चार तासांत आंबतं. आणि पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेव, फांदीला वाऱ्यावर टांग, पाणी माठातल्यासारखं गार होतं.

अनुजा_ठाणे

काल रात्री परत आलो, आज आधी इथे लिहितेय, कपडे अजून बॅगेतच आहेत.

बुधवार-गुरुवार असे दोन मुक्काम केले. आणि सासूबाई पण आल्या! स्वातीताई, तुमची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली, बावस्करांचं नाव ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्या वेळी असते तर आमच्या शेजारचा तो वाचला असता. आणि रात्री जेवताना म्हणाल्या की मी येते, धाकट्याला दुपारी मी सांभाळते. त्यांनी आणि मुलाने दोन्ही दुपारी कौलारू पडवीत जी झोप काढलीय, ओला पंचा दाराला टांगलेला, वारा येतोय, मीच हेवा करत होते.

पोचलो पाचला. तंबू घराच्या पश्चिमेला, दगडांना दोऱ्या बांधून. पहिल्या रात्री वरचं कापड नव्हतंच लावलं, मुलगी पाठीवर झोपून जाळीतून वर बघत होती, मला वाटलं झोपली, तेवढ्यात म्हणाली आई हे सरकतायत. झाडाच्या शेंड्यामागे एक तारा गेला होता तो तिने लक्षात ठेवला होता. नवऱ्याने तिला पृथ्वी फिरते वगैरे सांगायला सुरुवात केली पण ती खरंच झोपली तेवढ्यात.

दुसऱ्या दिवशी साडेचारला आभाळ भरून आलं, वारा सुटला, दामिनीवर सूचना आली तसे सगळे घरात. वीस मिनिटं असा वळीव पडला की समोरचा डोंगर दिसेना. तंबू जागचा हलला नाही. पण ताडपत्री एका कोपऱ्यात दुमडायची राहिली होती, तिथून पाणी आत आलंच, रानवाटा, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच. ती रात्र मग मी, सासूबाई आणि धाकटा खोलीत, बापलेक तंबूच्या कोरड्या अर्ध्यात.

आणि पावसानंतर काजवे. गावातल्या दादांनी एका बेहड्यापाशी नेलं, गाडी लांब लावून चालत. टॉर्च बंद केला आणि पहिलं मिनिटभर काहीच नाही, मग डोळे सरावले तसं झाड आतून उमलल्यासारखं दिसायला लागलं. धाकटा माझ्या पाठीवर झोळीत गाढ झोपलेला, सह्यवेडा, त्याला खरंच काही आठवणार नाही. मुलगी बाबाच्या खांद्यावर. एक काजवा सासूबाईंच्या पदरावर येऊन बसला, मुलगी कुजबुजली आजी हलू नको, भाजेल. सासूबाई म्हणाल्या नाही गं, गार असतो त्याचा उजेड, आम्ही लहानपणी ओंजळीत धरायचो. तो उडेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

मुलाचं पाणी चमच्यानेच गेलं, दिवसाला सहा-सात वेळा शू, मोजली मी. घामोळं ठाण्यापेक्षा कमी झालं. एकदा उजवा गाल थोडा लाल वाटला तर घाबरले, पण तो उशीचा वळ होता. चांगल्या रुंद काठाच्या टोप्या न्यायच्या राहिल्या, लिहून ठेवतेय. सासूबाईंनी निघताना दोन किलो नागलीचं पीठ घेतलं.

निशा_पनवेल

अनुजा, किती छान लिहिलंयस गं. आम्ही पुढच्या आठवड्यात जायचं म्हणतोय, पाऊस लागायच्या आत. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्या घराचा संपर्क देशील का?

अनुजा_ठाणे

निशा, तुला खासगी निरोप पाठवलाय. आधी फोन करून तंबू पश्चिमेच्या बाजूला लावायचाय असं सांग, तिथे ते सरपण ठेवतात, हलवायला त्यांना एक दिवस लागतो.